मेलेल्या मुलावर सांडलेला उजेड

"मेलेला दिसतोय! अहो, मेलेला दिसतोय!"

नाट्यगृहाच्या दहाव्या रांगेतून आमची दिग्दर्शिका ओरडत होती. आवाज असा, की तिकडे चेण्याच्या जंगलातल्या बिबट्यांनीही कान टवकारले असतील. रंगमंचावरचा मेलेला मुलगा खरंच दिसत होता. नुसता दिसत नव्हता, नाकातला कापूस नीट करताना दिसत होता.

"दादा, शेवटच्या वाक्यापर्यंत तो दिसायला नको! कितीदा सांगितलंय?"

सांगितलं होतं. आमच्या स्पर्धेतल्या एकांकिकेचा जीव त्यातच होता. खिडकीतून उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडलाय, त्यात आई बसलीय, मुलाचं ताट वाढता वाढता त्याच्याशी बोलतेय. बाकी सगळा काळोख. प्रेक्षकांना वाटतं, पोरगा आत आंघोळ करतोय. प्रत्यक्षात तो आईपासून दोन हातांवर अंधारात उभा असतो. शेवटी ती म्हणते, "ये, बस." तो उजेडात पाऊल टाकतो, गळ्यात हार, नाकात कापूस, आणि तेव्हा लोकांना कळतं की तो गेलाय. आधीच दिसला तर खेळ खलास.

आणि उजेडाचं खातं माझ्याकडे होतं. उत्तनपासून घोडबंदर रोडपर्यंत माझ्याएवढा प्रकाशातला जाणकार दुसरा नाही, असं तेव्हा सगळे म्हणत. सगळे म्हणजे मी.

असा चौकोन कापायला प्रोफाइल लागतो. हा स्पॉटचाच एक प्रकार. पोटात पत्र्याची चार शटर असतात, ती आत सरकवली की उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी येते. नाट्यगृहातले प्रोफाइल मोठे, जुने, हॅलोजनचे, उन्हासारखे तापणारे, वजनाला एकेक म्हशीचं रेडकू. मी मात्र एलईडीचा छोटा प्रोफाइल आणला होता. दुकानदार म्हणाला होता, "भाईसाब, छोटा है, पर बडे का बाप है." हे वाक्य मी पुढे महिनाभर स्वतःचं म्हणून वापरलं.

तुलनाही केली होती बरं का, रीतसर! शांती नगरमध्ये, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चादर टांगली, बारा फुटांवर छोटा ठेवला. चौकोन असा उमटला की वॉचमनने सलाम ठोकला. मोठा तिथे कोण उचलून आणणार? त्याचा उजेड मी आठवणीतून काढला, आणि आठवणीत तो जरा मंदच करून घेतला. छोटा सरळ जिंकला. महिनाभर तालमीही आम्ही त्याच बारा फुटांवर केल्या.

नाट्यगृहात मात्र समोरची लाइटची दांडी चाळीस फुटांवर. तिथून छोट्याचा चौकोन फुगून खाटेएवढा झाला, मध्ये फिकट आणि कडेला ताकासारखा पातळ. शटर आत ढकलली, तर पातळ पत्रा आपोआप बाहेर घसरायचा. ताक सांडायचं नेमकं मेलेल्यावर.

पडदा उघडायला चाळीस मिनिटं होती.

"काका," मी म्हणालो. काका म्हणजे नाट्यगृहाचे लाइटवाले, तारोडी गावचे. लाइटच्या बोर्डाशेजारी शांत चहा पीत होते.

"सकाळी इचारलं ना, मोठा लावू काय? तू काय बोललास?"

"काका, चुकलं माझं."

"न्हाय, बोललास काय ते सांग."

"काका, वेळ नाही हो!"

"मला हाय."

दिग्दर्शिका, आई, मेलेला मुलगा, झाडूवाली मावशी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "त्या म्हाताऱ्या हत्तीला झोपू द्या, असं म्हणालो."

"हां. शिडी धर आता."

मोठा दांडीवर टांगलेलाच होता, फक्त जोडलेला नव्हता. काका हातमोजा घालून चढले. मी खाली शिडी धरून उभा राहिलो. "उजवं शटर आत! अजून! मेलेल्याच्या पायावर येतंय!" दिग्दर्शिका किंचाळत होती. काकांनी पत्रा केसभर सरकवला आणि मेलेला नाहीसा झाला. गिळलाच त्याला अंधाराने. शटर जिथे ठेवलं तिथेच राहिलं. चाळीस फुटांवरून ताटाची कडसुद्धा चमकत होती. मी छोट्याची वायर गुंडाळायला घेतली.

तिसरी घंटा झाली. आता शिडीला परवानगी नाही.

आईचं काम करणाऱ्या ताई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. रंगमंचावर पहिल्यांदाच. अंधारात त्या येऊन बसल्या, मी बोर्डावरची मोठ्याची पट्टी हळूहळू वर सरकवली.

ताई ठरल्या जागेपासून वीतभर बाहेर बसल्या होत्या. तालमीत त्या अशा बाहेर बसल्या, तर मी छोटाच हाताने त्यांच्याकडे वळवायचो. मोठा तसा दयाळू नाही. त्याची कड बरोबर ताईंच्या नाकावरून उतरली होती. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा गायब.

"काका, जरा फिरवता येईल?"

"वर कोन जाईल? तू?"

सगळ्या रंगमंचाच्या उजेडाची पट्टी माझ्या बोटाखाली होती. ती इंचभर वर नेली असती तर ताईंचा चेहरा पुरा दिसला असता. मेलेलाही दिसला असता. मागून दिग्दर्शिकेने माझा खांदा धरला, नखं आत गेली.

"दादा, हात लावाल तर बघा."

"अहो, पण आईला चेहराच नाहीये!"

"हात काढा."

मी हात काढला. ताई अर्ध्या तोंडाने बोलत होत्या. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. एवढी लांब तीन मिनिटं मीरा-भाईंदरमध्ये अजून कुणी काढलेली नाहीत, सिग्नलवरसुद्धा नाही.

मग भात वाढता वाढता ताई थांबल्या. मान किंचित कलती केली. ताट पुढे सरकवलं आणि त्यामागे स्वतःही वीतभर सरकल्या, जणू पोराला बसायला जागा करून देतायत. चेहरा अख्खा उजळला. "ये, बस," त्या म्हणाल्या. मेलेल्याने पाऊल आत टाकलं. सगळ्या नाट्यगृहाने एकदम श्वास घेतला, इतका की पडदे आत ओढले गेले.

पडदा पडल्यावर मी धावत विंगेत गेलो. ताई ताटातला भात डब्यात भरत होत्या.

"ताई, तुम्हाला कळलं कसं? समोरून कुणी खूण केली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एका गालाला ऊन लागत नव्हतं."