यंत्रासाठी लिहिणारा शेजारी

मानवजातीचं भवितव्य म्हणे आता यंत्रांच्या हाती आहे. आमच्या घाटंजी गावात ते माझ्या शेजाऱ्याच्या हाती आहे, आणि तो बनियनवर बसतो. संगणकाच्या प्रोग्राममध्ये कोणता कोड कुठे आहे हे शोधणारी साधनं एआयनं कशी वापरावीत, याच्या सूचना तो लिहितो आणि प्रत्येक वाक्य आईला वाचून दाखवतो.

परवा त्या सूचना वाचून एआय योग्य साधन निवडतो का, याची चाचणी होती. चुकला असता तर शेजाऱ्याचं काम गेलं असतं. त्याच्या साहेबांनी सूचनांच्या सुरुवातीलाच ‘क्रांतिकारी, सर्वसमावेशक साधन’ असं घातलेलं.

“हे कायले बाप्पा?” आई म्हणाली.

“साहेबानं टाकलं, माय.”

“कोन्तं साधन कवा वापराचं नाही, थे सांग ना त्या यंत्राले!”

त्यानं साहेबांची ओळ खोडून तेच लिहिलं. एआयनं पहिल्याच फटक्यात बरोबर साधन उचललं.

दुपारी साहेबांचा फोन आला. ते साधन वापरायचं कसं, हे त्यांना विचारायचं होतं.