बंदुकीचा दस्ता कोरला त्याची गोष्ट

आमची ही गेली आणि बंदूक जड झाली. बंदूक तीच, वाडीत वानरं येतात म्हणून परवान्यावर घेतलेली एकनळी. पण उडवायची आमची रीत निराळी होती. मी दस्ता खांद्याला लावायचा, हिनं पुढं नळीखाली तळवा धरायचा आणि बार आभाळात काढायचा. वानरावर नेम धरायचा नाही, ती मारुतीची जात, असं हिचं म्हणणं. वानरांनाही ते कळलं असावं. सावकाश उतरायची.

यंदा एकट्यानं नळी वर जाईना. वानरांनी शहाळी पाडली, चावली, टाकली. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणाला, बंदूक पोलिसांत जमा करा आणि इकडं या. मी कशाला जातो? हिनं लावलेले माड आत्ता कुठं धरायला लागलेत. म्हटलं, बंदूकच हलकी करू.

बोर्लीच्या सुताराकडून गिरमिट आणलं. नळी रिकामी आहे ना ते बघितलं, दस्त्याच्या बुडाची पट्टी काढली. स्क्रूच्या खाचेत हिनं दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू अडकलं होतं. ते राहू दिलं आणि आतून दस्ता कोरायला घेतला.

शिसवाचं लाकूड. जांभळट भुसा पडायचा, वास गोडसर. वर झावळ्या हलायच्या, खाली त्यांच्या सावल्या, आणि लांब समुद्र घोरत पडलेला. गिरमिट फिरवता फिरवता माझा डोळा लागायचा. मग ही पाटाच्या कडेला बसलेली दिसायची, पाय पाण्यात सोडून. मी म्हणायचो, थांब जरा, हलकी होतेय. ती नुसतं पायानं पाणी ढवळायची. जाग आली तरी पाटातलं पाणी हलत असायचं. वारा असेल.

शेजारच्या वाडीतला माझा मुसलमान दोस्त रोज सकाळी चहाला येतो. जन्म आखाताच्या बोटींवर काढलेला माणूस. त्यानं बंदूक खांद्याला लावून बघितली.

"येड्या, बुडाकडनं कोरलीस. आता नाक अजून खाली पडतंय."

बोटीचंही तसंच, म्हणाला. मागचा माल उतरवला की पुढचं तोंड पाण्यात जातं.

मी उचलून बघितली. खरंच होतं. मला जड व्हायचं ते दस्त्याचं वजन नव्हतंच. ते पुढचं होतं, आणि इतकी वर्षं ते ही उचलत होती. मी आपला मागं उभा राहून शिकारी.

तो म्हणाला, मी धरतो नळी.

"ती जागा तिची हाय. हात लावू नकोस."

तो वाडीच्या दगडी गडग्यावर जाऊन बसला. रागावला नाही. चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चहा उकळत असतानाच वानरं आली, नेमकी हिच्या माडांवर. मी बंदूक उचलली. नाक खाली. परत उचलली. मग नळीखाली एक तळवा आला. माझ्याकडं न बघता दोस्त वर झावळ्यांकडं बघत उभा होता. हात तिचा नव्हता, पण नळी वर गेली.

बार काढला. पोकळ दस्त्यानं खांद्याला सणसणीत लाथ घातली. वानरं उठली ती थेट त्याच्याच वाडीत.

"आता चल तिकडं," तो म्हणाला.

चहा खाली उतरवला आणि गेलो.