वाजणाऱ्या काठ्या

आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी एक भांडण ठरलेलं असायचं, आणि ते गोल्फच्या काठ्यांवरून असायचं. बुलढाण्यात त्या काळी असल्या विषयावरून भांडणारं दुसरं जोडपं असेल असं मला वाटत नाही. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. यजमान रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर, मूळचे पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. सामानाच्या ट्रकमधून पलंगाच्याही आधी काय उतरलं असेल तर ती उंच कातडी पिशवी. पुण्यातल्या त्यांच्या एका साहेबांनी निवृत्त होताना ती दिली होती. आत दहा-बारा काठ्या, काही लाकडी डोक्याच्या, बाकीच्या लोखंडी.

बुलढाण्यात गोल्फचं मैदान कुठलं असणार? गावाबाहेर माळ संपून जंगलाचा उतार सुरू होतो, तिथे यांनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरले आणि त्यालाच मैदान म्हणायला लागले. रविवारी पहाटे पिशवी खांद्याला लावायची आणि एकट्यानं चेंडू मारत फिरायचं. नोकर बरोबर नको, कारण तो बोलतो. "या खेळाला शांतता लागते गं," म्हणायचे. आठवडाभर मजूर आणि ठेकेदार यांचा गलका ऐकणाऱ्या माणसाला शांतता हवी असेल, हे मला पटायचं.

पिशवी जड व्हायची, म्हणून निवडानिवड. शनिवारी ओसरीवर सतरंजी टाकून सगळ्या काठ्या मांडायचे आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखे तास-तास बसायचे. लांब मारायला एक लाकडी. मधल्या अंतराला पाच नंबरची लोखंडी. खड्ड्यातून चेंडू उचलायला नऊ नंबरची, तिचं तोंड उलथन्यासारखं पसरट. शेवटी चेंडू डब्यात ढकलायला एक नाजूक काठी, तिला पटर म्हणत. चार झाल्या की पुरे, बाकीच्या घरी. या चारही चालताना एकमेकींवर आपटून खणखणायच्या. ते त्यांना खपत नसे, म्हणून जुन्या फ्लॅनेलच्या टोप्या मीच शिवून काठ्यांच्या डोक्यांवर चढवल्या होत्या. वर नाडीसुद्धा ओवली होती.

मग सीताफळं पिकली. देऊळघाटहून दूध घेऊन येणारा गवळी एका सकाळी माप ओतता ओतता म्हणाला, "बाई, माळाच्या तिकडून कोनी जात असन तं सांगून ठेवा. अस्वल उतरून राह्यलं नाल्यात. सीताफळं खाऊन खाऊन बिया टाकून ठेवते."

माझ्या हातातलं पातेलं हललं आणि दूध ओट्यावर सांडलं. त्याला वाटलं, त्याचंच माप चुकलं.

माझं माहेर खामगावचं. वडिलांच्या गाड्या मेहकरकडून कापूस घेऊन खामगावच्या बाजारात यायच्या, वाट घाटातली. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्याच, शिवाय मागच्या दांडीला वडील एक फुटकी घागर बांधायचे. ती सारखी खडखडायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही घागर कशाला? वडील म्हणाले, "अस्वल वाईट नसते. भेकड असते. लांबून आवाज आला का आपलं आपण निंघून जाते. पन जवळ जाऊन दचकावलं तं तोंडावरच येते. भेलेलं जनावर अन् भेलेला मानूस, दोघाइले कधी दचकावू नाही."

त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या काकाला, हे माहीत नव्हतं असं नाही. पण एकदा पहाटे गाड्या थांबल्या असताना तो अनवाणी, गुपचूप झुडपामागं गेला आणि थेट अस्वलाच्या मादीच्या पुढ्यात उभा राहिला. तिच्याबरोबर पिल्लू होतं. काका जगला. पण एक डोळा, नाक आणि गालाचा अर्धा भाग तिथेच राहिला. पुढं आयुष्यभर तो उपरण्यानं तोंड झाकून फिरला आणि भिंतीकडं तोंड करून जेवला. त्याला भाकरी वाढायचं काम माझ्याकडं होतं. मी ताट सरकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. त्यालाही ते कळायचं, म्हणून तो "झालं पोरी, जाय," असं लगेच म्हणायचा.

यांना मी सगळं सांगितलं. काकाला त्यांनी आमच्या लग्नात पाहिलं होतं, तरी हसले. "अगं, अस्वल काय गोल्फ खेळायला येणार आहे? आणि मी पलीकडच्या जंगलात जातच नाही."

"निदान पिशवीला घुंगरू तरी बांधा."

"मी काय बैल आहे?"

पण तोंडावर उपरणं घेतलेले हे, भिंतीकडं तोंड करून जेवणारे हे, माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. रात्री ते शेजारी झोपले की मी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बघायची. नाक आहे, दोन्ही डोळे आहेत. मग झोप लागायची.

सरळ बोटानं तूप निघेना म्हणून मी वाकडं केलं. शनिवारच्या सतरंजीवर मीही बसायला लागले. खेळ मला ओ की ठो येत नव्हता, पण ऐकून ऐकून नंबर पाठ झाले होते. "सात नंबर राहू दे की," मी म्हणायची. "मागच्या वेळी चेंडू बांधाला लागून पडला होता, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, सात नंबर असता तर?" ते खूश व्हायचे. बायको खेळात लक्ष घालते म्हणून. असं करत चाराच्या सहा झाल्या, कधी आठ. ते दोन काढायचे, मी एक परत घालायची. आणि फ्लॅनेलच्या टोप्या मी दर शनिवारी संध्याकाळी धुवायला लागले. रविवारी पहाटे त्या दोरीवर ओल्याच असायच्या.

"टोप्या धुवायला हाच वार सापडतो का तुला?"

"मळल्यावर धुवायच्या नाहीत का?"

मग ते कुरकुरत निघायचे आणि पिशवी तांब्यापितळेच्या दुकानासारखी वाजत माळाकडं जायची. मी फाटकात उभी राहून ऐकायची. तो खणखणाट कानावर आहे तोवर माझा जीव जागेवर असायचा.

पण नवराही दूधखुळा नव्हता. कोजागिरी होऊन गेली, पहाटे धुकं पडायला लागलं. एका शनिवारी त्यांनी सतरंजी टाकलीच नाही. "खांदा दुखतो. उद्या तीनच नेणार. तीन काठ्यांत खेळता येत नसेल तर तो खेळाडू कसला?" मी मान डोलावली. मनात म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ओसरीवर गेले. उरलेल्या काठ्या भिंतीला टेकून शहाण्यासारख्या उभ्या होत्या. दोरीवर टोप्या नव्हत्या. बाहेर धुकं इतकं होतं की फाटक दिसत नव्हतं.

हाताला लागल्या तेवढ्या लोखंडी काठ्या कवटाळल्या आणि पळत सुटले. इंजिनिअर साहेबांची बायको, घरच्या पातळावर, केस मोकळे, काखेत लोखंड. रस्त्यात कोण भेटलं, कोण काय म्हणालं, काही आठवत नाही. काठ्या वाजत होत्या एवढंच आठवतं, आणि वाजताहेत म्हणून जरा बरं वाटत होतं.

माळाच्या कडेला पोचले आणि पाय थांबले. पुढं सगळं पांढरं. आता जोरानं वाजवायचं, एवढंच ठरवून आले होते. पण वडिलांचं बोलणं आठवलं. लांबून वाजवलं तर जनावर वाट सोडतं, जवळ दचकावलं तर तोंडावर येतं. आता लांब म्हणजे किती, आणि जवळ म्हणजे कुणाच्या? हे अस्वलापासून हातभर अंतरावर उभे असले आणि माझ्या आवाजानं ते बिथरलं तर? काकाचा चेहरा मीच माझ्या हातानं यांना दिल्यासारखं होईल. दोन्ही हातांत दोन काठ्या धरून मी नुसती उभी राहिले. तेवढी मी आयुष्यात कधी भ्याले नाही.

शेवटी वाजवलं. लोखंडावर लोखंड.

"कोन हाय वं तिकडं? काऊन वाजवून राह्यली?" धुक्यातून एक बाप्या ओरडला. टमरेल घेऊन बसला असणार.

त्याच्याकडं लक्ष न देता मी हाक मारली, "अहो! अहो!"

"ओ!" दुसऱ्या बाजूनं दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली. माळावर सकाळी सगळ्या गावाचे अहो बसलेले असतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर उखाण्यात, हळदीकुंकवाला, लाजत. मी त्या दिवशी ते नाव घेतलं. राव नाही, जी नाही, नुसतं नाव. बेंबीच्या देठापासून ओरडले आणि काठ्या वाजवल्या.

उत्तर आलं ते इतकं बारीक की आधी ओळखूच आलं नाही. पुण्याचा तो ऐटदार आवाज नव्हताच.

"वाजव," ते म्हणाले. "थांबू नकोस. वाजव."

मी वाजवत एक एक पाऊल पुढं गेले. धुक्यात सीताफळाची झुडपं उमटली, मग ते. शेवटच्या डब्याशी उभे होते, हलत नव्हते. त्यांच्या पलीकडं काहीतरी काळं होतं, मला वाटलं दगड. तो दगड फुरफुरला, उभा राहिला, पुन्हा खाली झाला आणि नाल्यात उतरला. उतारावरून घरंगळणारे गोटे किती तरी वेळ ऐकू येत होते. मी तेही बंद होईपर्यंत वाजवत राहिले.

त्यांच्या हातात पटर होती. तीन काठ्यांतली सगळ्यात नाजूक, आणि तिच्यावरची फ्लॅनेलची टोपी अजून तशीच, नाडी बांधलेली.

"काऊन आले तुम्ही? मले न सांगता काऊन आले?" मी रडत विचारलं. एरवी माझ्या तोंडून माहेरचं काऊन निघालं की ते हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. खाली दगडावर बसले आणि म्हणाले, "मला वाटलं म्हैस आहे. मी हळूच पुढं गेलो. तिची शांतता मोडू नये म्हणून."

मी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. नाक, दोन्ही डोळे, गाल. तिथे, उघड्यावर. परत येताना ते दोघे टमरेलवाले आमच्या दोन बाजूंनी मोठमोठ्यानं बोलत घरापर्यंत आले.

गावात चर्चा झाली ती अस्वलाची नाही. अस्वल सगळ्यांनी पाहिलेलं होतं. इंजिनिअरची बायको नवऱ्याचं नाव घेऊन माळावर बोंबलली, ही खरी बातमी. हळदीकुंकवाला बायका मुद्दाम मला नाव घ्यायचा आग्रह करायच्या आणि पदराआड हसायच्या.

पुढच्या रविवारी ते जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण शनिवारी सतरंजी पडली. ते समोर बसले आणि कधी नव्हे ते विचारलं, "कोणत्या घेऊ?"

"सगळ्या."

त्यांनी सगळ्या घातल्या. टोप्या मी स्वयंपाकघरात नेल्या, गरम पातेली उतरवायला. पहाटे फाटकात थांबून त्यांनी पिशवी एकदा जोरानं हलवून दाखवली आणि गेले.

मी ऐकत उभी राहिले. खणखणाट कोपऱ्यापर्यंत, मग माळाच्या वाटेवर, मग बारीक, मग नाही. तो पुन्हा कानावर येईपर्यंत मी दारातून हलत नसे, आणि तेवढा वेळ त्यांचं नाव पुटपुटत राहायची. बुलढाण्यातून बदली होईपर्यंत प्रत्येक रविवारी. ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकू जाणार नाही असं. मोठ्यानं ते एकदाच.