मास्तरांनी तंबू अंगाबरोबर शिवला

मास्तर धंद्याने शिंपी. पण शनिवारी दुपारचे चार वाजले की नवरदेवाचा कोट असो नाहीतर कुणाची विजार, कात्री आहे तिथे खाली पडायची. गळ्यात स्कार्फ, कमरेला खाकी अर्धी चड्डी, तोंडात शिट्टी, आणि मास्तर सायकलवरून थेट शाळेच्या मैदानावर. स्काउट पथकाची ही हौस एकोणीस वर्षांची.

"एवढं पोट घेऊन अर्ध्या चड्डीत हिंडायला लाज कशी वाटत नाही हो?" बायको विचारायची.

"लाज कसली? फिटिंग बघ की!"

यंदा मात्र प्रश्न पथकाच्या जिवाचा होता. दोन दिवसांच्या शिबिर-स्पर्धेत त्यांचं पथक ओळीने तीन वर्षं शेवटचं आलं होतं. जिल्ह्याच्या बड्या सरांनी बोलावून सांगितलं, "चौथ्यांदा शेवटचे आलात, तर पथक बंद. मुलं दुसरीकडे घालू." मास्तर घरी आले ते धड जेवलेही नाहीत. शनिवारी चारनंतर आपण करायचं तरी काय, हा प्रश्न त्यांना पडला.

मग त्यांनी पथकाचा जुना तंबू दुकानात आणला. भोकांना ठिगळं लावली. इथवर ठीक होतं. पण तंबूला झोळ होता, आणि झोळ दिसला की मास्तरांच्या अंगाची लाही व्हायची.

"अहो, तंबूला काय मिरवायला जायचंय?" बायको म्हणाली.

"असला गबाळा कपडा माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही!"

तीन सुया मोडल्या, पण दोन्ही बाजू हात-हात भर आत घेऊनच मास्तर उठले.

शनिवारी सकाळी मैदानावर तो तंबू उभा राहिला आणि बाकीची आठ पथकं बघायला आली. सुरकुती म्हणून नाही! दोरीच्या कुंपणाबाहेर मास्तरांची छाती पोटाच्याही पुढे आली. शिट्टी वाजल्यावर मास्तरांनी दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता.

परीक्षक बाई आल्या. "छान. आता सातही जण आत आडवे व्हा."

सात जण आत शिरले आणि चौदा पाय बाहेर आले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे गुडघ्यांनाही जागा नव्हती. आतून आवाज आला, "कोपर काढ रे माझ्या नाकातून!"

"सात जण मावत नसतील तर तंबूला शून्य," बाई म्हणाल्या. "दोन तासांनी परत येते."

मास्तरांचं तोंड पांढरंफटक पडलं. टोळीची नायिका, चुणचुणीत पोरगी, दोरीशी धावत आली. "मास्तर, तुम्ही कापड कापलंत?"

"कापतो कशाला! पोरांचे कपडे शिवणारा माणूस आहे मी. पोरं वाढतात. सगळं आत दुमडलंय. उसवा!"

पोरांनी चाकू काढले. कणीक मळत बसलेला टोळीतला स्वयंपाकी पोरगाही हात धुऊन आला. पण टाके हलायला तयार नव्हते.

"मास्तर, सुटतच नाहीये!" सगळ्यात उंच पोरगा, ज्याला सगळे उंट म्हणत, तो ओरडला.

"सुटेल कसं? शिलाई कुणाची आहे!" मास्तर गरजले. लगेच डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, एक टाका सोडून एक कापा, मग ओढा!"

"दुहेरी टीप कशाला घातलीत?"

"तिहेरी आहे, बाळा."

दोन तासांत एकच बाजू उसवली. त्यामुळे तंबू एकीकडून ताठ आणि दुसरीकडून पोट सुटलेला दिसायला लागला. बाई आल्या. सात जण कुशीवर झोपले, उंटाने गुडघे हनुवटीला लावले आणि एकही अंगठा बाहेर दिसेना. मास्तरांनी श्वास रोखला तो बाईंची पेन्सिल थांबेपर्यंत.

"रूपाला गुण नाहीत," बाई म्हणाल्या. "पण मावलेत. अर्धे देते."

रविवारी दुपारी बड्या सरांनी निकाल खालून वर वाचायला घेतला. "नववा क्रमांक..." मास्तरांनी डोळे मिटले. नाव दुसऱ्याच पथकाचं होतं. "आठवा..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सातही जण मास्तरांच्या अंगावर पडले. मास्तर त्या ढिगातून कसेबसे बाहेर आले आणि बड्या सरांच्या वहीत डोकावून स्वतःच्या डोळ्यांनी आठचा आकडा बघून आले. परत येऊन त्यांनी पोरांना बजावलं, "शनिवारी चार वाजता. उशीर चालणार नाही!" आणि पुन्हा आरडाओरडा झाला.

ढाल घेऊन चाललेले पहिल्या पथकाचे शिक्षक थबकले. "का हो, पहिले आम्ही ना?"

"हो, हो, तुम्हीच!" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "अभिनंदन बरं का! पण आम्ही आठवे आलो!"