झाडून दिलेला पट्टा

अकरा वर्षं आमच्या ह्यांनी त्या धावपट्टीची राखण केली, आणि पेपरात काय छापून आलं, तर वॉचमनच्या निष्काळजीपणामुळे विमान पडलं. वाचलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षं झाली, अजून होते.

धावपट्टी म्हणजे ओझरसारखा विमानतळ नव्हे. नाशिकपासून तासाभरावर, द्राक्षबागांच्या मधोमध, मुंबईच्या एका शेठनं स्वतःच्या छोट्या विमानासाठी केलेला डांबरी पट्टा. शेठ महिन्यातून एकदा यायचे, कधी तेही नाही. एरवी आमचे हे तिथल्या शेळ्या हाकलत बसायचे. शेठ यायचे असले की मॅनेजर साहेबांचा सकाळीच फोन यायचा. मग हे शिट्टी वाजवत पट्ट्याच्या पार टोकापर्यंत चालत जायचे, सगळं मोकळं आहे ना बघायचे. अकरा वर्षांत एकदा चुकलं नाही.

मक्याचं खूळ साहेबांचं. त्यांचं रान पट्ट्याला लागूनच. दिवाळीच्या तोंडावर मका निघाला तेव्हा म्हणाले, "एवढं तापलेलं डांबर रिकामं पडलंय, पसरा की." आमच्याकडे रस्त्यावर मका वाळवणं नवं नाही, अख्खा तालुका वाळवतो. तरी हे म्हणाले, "साहेब, हा रस्ता नाय." साहेब हसले. "शेठचा फोन मलाच येतो ना? आदल्या दिवशी उचलायला सांगेन." मग आम्हीच पसरला. त्यात आमचा एक दाणा नव्हता. आम्हाला कुठलं आलंय रान?

फोन आलाच नाही. साहेब भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, विसरले. दुपारी हे जेवायला बसले होते, दोन घास झाले असतील, तेवढ्यात विमानाचा आवाज. खरकट्या हातानं उठून पळाले, डोक्याचा टॉवेल सोडून हलवत. विमान पार खाली आलं होतं, चाकं टेकायला हातभर राहिलं असेल. पायलटला समोर पिवळाधम्मक पट्टा आणि पुढ्यात टॉवेल हलवणारा माणूस दिसला असणार. त्यानं उतरता उतरता विमान पुन्हा वर घेतलं. पण ते पुरतं वर गेलं नाही. एक पंख बागेच्या तारांत अडकला आणि विमान द्राक्षांच्या मांडवावर आडवं झालं.

दोघांनाही बाहेर ह्यांनीच काढलं. पायलटचा हात मोडला होता, शेठचं डोकं फुटलं होतं, पण जीव वाचले. तारेनं फाडल्याचा वण ह्यांच्या दंडावर अजून आहे.

हे शेठबरोबर दवाखान्यात गेले आणि इकडे माझ्या मोबाइलवर साहेबांचा फोन. "वहिनी, उद्या तपासाला मोठे लोक येतील. पट्टा जरा नीट दिसू द्या." अकरा वर्षांत पहिल्यांदा वहिनी म्हणाले, तिथंच कळायला हवं होतं. पण पाहुणे येणार म्हटलं की अंगण झाडायचं, सडा टाकायचा, एवढंच आम्हाला आईनं शिकवलेलं. मी आणि माझी जाऊ खराटे घेऊन लागलो. दाणा न दाणा गोळा केला. साहेबांचा ट्रॅक्टर येऊन पोती घेऊन गेला. वर मी पाणीही शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. अशी मी शहाणी.

संध्याकाळी हे परत आले. चकचकीत पट्टा बघितला. मग हात धुऊन, दुपारचं ताट होतं तसंच पुढ्यात ओढून जेवले.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर साहेबांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "ह्यानंच पसरला होता मका, मला न विचारता. आणि बघा, पुरावाही गायब केला." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. माझं तोंड सुटलं. "मका तुमचा, पोती तुमच्या घरात, आणि चोर आम्ही?"

अधिकारी म्हणाले, "बाई, पट्टा कोणी झाडला?"

"मी. साहेबांनी फोन करून सांगितलं म्हणून."

"मी शेठची तब्येत विचारायला केला होता," साहेब म्हणाले.

लिहून घेणाऱ्यानं 'वॉचमनच्या बायकोनं झाडला' एवढंच लिहिलं. पायलटनं सांगितलं की कुणीतरी टॉवेल हलवत होतं. त्याचंही ह्यांच्या नावावर 'माणूस पट्ट्यावर आडवा आला' असं झालं. ज्या माणसानं त्यांना ओढून बाहेर काढलं, त्याच्याबद्दल त्या कागदात एक ओळ नाही.

काम गेलंच. साहेब अजून तिथंच आहेत. आता हे दुसऱ्याच्या बागेत काडी छाटायला जातात, आणि ओझरकडे जाणारं विमान दिसलं की हातातली कात्री थांबवून ते नीट जाईपर्यंत बघत राहतात.

तू का झाडलंस, हे त्यांनी मला आजवर एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.