मागून ठोकळा कोणी धरला?

भुतंखेतं मी मानत नाही. कंपनीत होतो तेव्हा सेकंड शिफ्ट सुटली की स्मशानाच्या वाटेनं सायकल मारत घरी येणारा माणूस आहे मी. गल्लीत कुणाला लागिर झालं की मी एकच सांगायचो — आधी डॉक्टरकडं न्या. शाळा सातवीपर्यंत, पण लोखंड-पत्र्यातलं मला कळतं, आणि पत्रा खोटं बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. शुद्धलेखन नातीनं बघितलंय, शब्द माझे.

गंगापूर रोडनं धरणाकडं निघालं की एक पत्र्याची शेड लागते. तिथं आम्ही दहा-बारा रिकामटेकडे म्हातारे मिळून जुन्या विमानांचं म्युझियम चालवतो. पगार नाही, चहा आपापला. सध्या एक जुनं लढाऊ विमान घेतलंय. उडवायचं नाही, नीट उभं करायचंय. शेपटीचा पत्रा सडला होता, तो मी नवा बसवत होतो.

रिवेट, म्हणजे पत्रे जोडायची खिळी, मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेची गन मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या ठोकळ्यावर दबून रिवेटला मागून डोकं येतं. ठोकळा नसला तर रिवेट नुसता मागं सरकतो, डोकं येतच नाही. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. मग आतला माणूस पत्र्यावर वाजवतो. एक टक — अजून मार. दोन टक — झालं, पुढं चल.

सातपूरला माझं बसच्या बॉडीचं छोटं वर्कशॉप होतं. तिथं बावीस वर्षं आतून ठोकळा धरला माझ्या बायकोनं, सुमननं. वाजवायची अंगठीनं. डावखुरी होती, ठोकळा जरा कलायचाच. डोकी सगळी एका अंगाला झुकलेली. मी ओरडायचो, "अगं, सरळ धर की!"

"तुमची एखादी बस पडली का आजवर? मग मारा गुमान."

मागच्या वर्षी ती गेली. शेवटी घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी पाय चेपायचो आणि ती कॉटच्या दांड्यावर अंगठी वाजवायची. एक टक — अजून. दोन — झालं. एका सकाळी मी खाली चहाला गेलो. दहाच मिनिटं. वर आलो तर संपलं होतं. नर्स म्हणाली, "काका, त्या दांड्यावर वाजवत होत्या."

"एकदा का दोनदा?"

"मोजलं नाही ओ..."

वर्षभर डोक्यात तेवढंच. एकदा वाजवलं असेल तर ती मला बोलवत होती, आणि मी खाली बिस्कीट बुडवत होतो.

आता त्या दिवसाचं. दुपारचे सव्वाचार. शेपटीच्या आत सुभाषराव ठोकळा घेऊन बसलेले — बँकेतून रिटायर झालेला माणूस. बाहेर मी. एक कान गेलेलाच आहे, दुसऱ्यावर आवाज अडवायचं झाकण. अकरा भोकं राहिली होती. गन मारायची, तळहात पत्र्याला लावायचा. टक. परत मारायची. टक टक. पुढचा. बारीक, हलका हात... सुभाषराव एरवी ठोकळ्यानंच धाडधाड वाजवतात. म्हटलं, शिकले एकदाचे! अकरावा मारला, तळहात लावला, मग गन खाली ठेवली.

वळून बघतो तर सुभाषराव दारातून येतायत. दोन हातांत दोन चहा.

"अण्णा, एकटेच काय ठोकत बसलात?"

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मघाशीच! ओरडून सांगितलं की. पण तुमचे कान म्हणजे..."

"आणि ठोकळा?"

त्यांनी पँटच्या खिशावर हात मारला. आमच्याकडं नियमच आहे — विमानात हत्यार सोडून बाहेर पडायचं नाही, चहाला गेलं तरी सोबत न्यायचं. खिसा ठोकळ्याच्या वजनानं लोंबत होता.

बॅटरी घेऊन आत शिरलो. अकराच्या अकरा डोकी आलेली. पक्की. आणि सगळी एका अंगाला झुकलेली.

मागून सुभाषरावांनी मान घातली. "तिरकी आहेत हो अण्णा. ड्रिल मारून काढायची का?"

"हात लावायचा नाही."

नात म्हणते, आधीच कुणी मारले असतील. कसे? भोकं त्याच सकाळी मी पाडली, रिवेट डब्यातून मी काढले. सुभाषराव म्हणतात, आपण म्हातारे झालो. झालोच आहे. पण म्हातारपणानं रिवेटला डोकं येत नाही. कुणाला कळत असेल तर शेडवर या, ठोकळ्याशिवाय एक मारून दाखवा. मला नाही कळलं अजून, आणि कळेल असं वाटतही नाही.

फक्त एक पक्कं सांगतो. अकराव्यानंतर मी तळहात बराच वेळ पत्र्यावर ठेवला होता. या खेपेला मोजलं. दोनदा वाजलं.