हळदीचे चाळीस टीशर्ट

आता काय लपवायचं तुमच्यापासून! अख्ख्या पनवेलात माझ्याइतका कपडा वाचवणारा माणूस दाखवा. अंगातला हा सदरा अठरा वर्षांचा. फक्त एकदा, एका सकाळी, मी चाळीस टीशर्ट कापले. तेही चांगले. तेही धुतलेले!

आमच्याकडं हल्ली हळदीला सगळे एकसारखे टीशर्ट घालतात. गेल्या वर्षी पुतण्याच्या हळदीला पिवळे छापले, छातीवर 'आमी नवऱ्याकडचे'. एकदा नाचले, की गेले पोत्यात!

यंदा नातवाची हळद. त्याची बहीण सायली कॉलेजात. कपड्यांचा कचरा म्हटलं की तिच्या अंगात येतं. "आजोबा, एकदा घालून फेकायचं? लाज नाय वाटत?"

मला पटलं. म्हटलं, पोरीला खूश करू.

दोन दिवस मी आपटा गावात पत्रिका वाटत होतो. हळदीच्या सकाळी घरी येतो, तर मागच्या खोलीत गेल्या वर्षीचे तेच पिवळे टीशर्ट! घड्या घातलेले, इस्त्री केलेले. अहो, टाकायच्या कपड्याला कुणी इस्त्री करतं का? पण मला शंका येईल तर शपथ! बायकोच्या गोधडीला तुकडे होतील म्हणून बसलो कात्री घेऊन. वर शीळ घालत!

शेवटचा कापतोय, तोच सायली दारात.

"आजोबा, काय करताय?"

"कचरा वाचवतोय. दे शाबासकी!"

पोरगी मटकन खालीच बसली. मी नसताना तिनं अख्ख्या भावकीशी भांडून कबूल करून घेतलं होतं, की नवे छापायचे नाहीत, हेच घालायचे. घरोघरून गोळा करून तिनंच धुतलेले.

"आता सगळे म्हणणार, चला दुकानात." तिचे डोळे भरले. "हरले मी."

मी कात्री हळूच पाठीमागं लपवली.

"अवो, तुमाला कात्री दिली कोनी?" बायको धावत आली. मग तिनं एक तुकडा उचलला, फाडून लांब पट्टी केली आणि माझ्या डोक्याला करकचून बांधली. "रडतेस काय गो? सगल्यांना अशाच बांधू!"

आणि काय सांगू! जुन्याच कपड्यांत, डोक्याला पिवळ्या पट्ट्या बांधून अख्खी भावकी नाचली. दुकानाची पायरी कुणी चढलं नाही.

मग माझी मान ताठ. "बघितलंस, सायले? एक वस्तू नवी घ्यावी लागली नाय. कुणामुळं?"

"एक घेतली, आजोबा."

"कोणती?"

"कात्रीच्या कपाटाला कुलूप. चावी आजीकडं हाय."